बटर केक दूधविरहित करताना : आमची वनस्पतिजन्य बटरची वडी कशी वापरावी

आमच्याकडून वनस्पतिजन्य बटरची वडी नेणाऱ्या ग्राहकांची एक तक्रार वारंवार येते. नेहमीची बटर केकची कृती तशीच ठेवली, बटरऐवजी तेवढ्याच वजनाची वडी वापरली, तरीही केक नीट फुगला नाही, मधोमध बसला आणि साच्याच्या तळाशी तेल सुटले, अशी ती तक्रार असते. अशा वेळी आम्ही प्रथम एकच प्रश्न विचारतो : फेटण्यापूर्वी वडी किती वेळ बाहेर होती? उत्तर बहुतेक वेळा “बटर ठेवतो तितकाच वेळ” असे येते, आणि चूक नेमकी तिथेच झालेली असते. वडी फोडण्यापूर्वी हे पत्रक एकदा सावकाश वाचले, तर आपले साहित्य वाचेल आणि आमचाही बराच वेळ वाचेल.

दुधापासूनच्या बटरमध्ये अनेक प्रकारचे स्निग्ध पदार्थ एकत्र असतात आणि ते वेगवेगळ्या तापमानाला वितळतात. त्यामुळे बटर हळूहळू मऊ होत जाते आणि पूर्ण वितळण्यासाठी त्याला ३२ ते ३५ अंश सेल्सिअसपर्यंतची ऊब लागते. तास-दीड तास बाहेर विसरलेले बटरही म्हणूनच बऱ्याचदा फेटण्याजोगे राहते. आमच्या वडीत नारळाच्या शुद्ध केलेल्या, वास नसलेल्या तेलाचा वाटा मोठा आहे. नारळाचे तेल साधारण २४ ते २५ अंशांना वितळते, आणि तेही हळूहळू नव्हे, तर थोड्याच अंशांच्या फरकात. इतर वनस्पती तेलांच्या मिश्रणाने आम्ही हा टप्पा थोडा वाढवला आहे, तरीही वडी कडक असण्यापासून ती हातातून निसटू लागेपर्यंतचा काळ बटरपेक्षा बराच कमी असतो. ओव्हन तापत असताना त्याच्याच शेजारी ठेवलेल्या वडीला तर हा काळ मिळतच नाही.

वडी वितळली तर एवढे काय बिघडते, असे काही जण विचारतात. बटर आणि साखर एकत्र फेटताना साखरेचे कण स्निग्ध पदार्थात शिरतात आणि आपल्यासोबत हवा आत नेतात. ही हवा धरून ठेवण्याचे काम स्निग्ध पदार्थाचे घट्ट स्फटिक करतात. बेकिंग पावडर ओव्हनमध्ये वायू सोडते खरी, पण ती नवे बुडबुडे निर्माण करत नाही. फेटताना आत अडकलेलेच बुडबुडे ती मोठे करते. स्फटिक वितळले असतील तर हवा टिकत नाही, आणि मग बेकिंग पावडर कितीही ताजी असली तरी केकला जाळी पडत नाही. म्हणूनच बेकिंग पावडर वाढवून पाहण्याचा उपाय आम्ही कधीच सुचवत नाही, कारण त्याने केक फुगत नाही, उलट तोंडात कडवट चव तेवढी राहते.

यासाठी वडी फ्रीजमधून काढून तिचे साधारण दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत, ते ओट्याच्या थंड बाजूला ठेवावेत आणि दहा मिनिटांनी बोटाने दाबून पाहावेत. बोटाचा स्वच्छ खळगा उमटला पाहिजे, पण तुकड्याच्या कडा जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत आणि बोटाला तेलकट चमक येता कामा नये. खळगा पडलाच नाही तर आणखी पाच मिनिटे थांबावे. साखर घालून मध्यम वेगावर तीन-चार मिनिटे फेटल्यावर मिश्रणाचा रंग फिका होतो, आकारमान वाढते आणि ते फेटणीला चिकटून राहते. याउलट मिश्रण चकाकू लागले आणि भांड्याच्या कडेवरून खाली घसरू लागले, तर वेळ टळत चालली आहे असे समजावे. या अवस्थेत ते भांड्यासकट दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा फेटल्यास बहुधा सावरते.

वडी पूर्ण वितळून तिचे तेल झाले असेल, तर मात्र ती पुन्हा गोठवून वापरू नये. एकजीव केलेले पाणी आणि तेल त्या वेळी वेगळे झालेले असते, आणि पुन्हा थिजताना जाड, रवाळ स्फटिक बनतात, जे हवा धरत नाहीत. अशी वडी फेकून देण्याचे कारण नाही. ज्या केकमध्ये मुळातच तेल घालतात, त्यात ती तेलासारखी वापरता येते. परंतु वितळलेली वडी आम्ही परत घेत नाही, कारण ती आमच्याकडून निघाली तेव्हा थंड आणि घट्ट होती; पुढचा प्रवास आणि साठवण आमच्या हाती नसते. दुकानातून नेताना आम्ही थंड पिशवी देतो, ती मागून घ्यावी.

वडी आणखी कडक का बनवत नाही, असेही आम्हाला सुचवले जाते. उशिरा वितळणारे स्निग्ध पदार्थ घालून ते सहज करता येईल, आणि तसे केल्यास आमच्या तक्रारीही कमी होतील. परंतु जो पदार्थ शरीराच्या ३७ अंश तापमानालाही नीट वितळत नाही, तो टाळूवर मेणासारखा थर सोडतो, आणि असा केक कोणी दुसऱ्यांदा मागत नाही. ग्राहकाची दहा मिनिटांची सावधगिरी आणि तोंडातली ती मेणचट चव यांपैकी आम्ही विचारपूर्वक पहिलीची निवड केली आहे.

बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि सुमारे १६ टक्के पाणी असते. आमची वडीही याच प्रमाणावर बेतलेली असल्याने ती बटरच्या वजनाइतकीच घ्यावी; फक्त ती बिनमिठाची असल्याने चिमूटभर मीठ घालावे. वडी न वापरता साधे तेल वापरायचे असल्यास १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तेल आणि एक मोठा चमचा वनस्पतिजन्य दूध असा हिशोब धरावा, आणि साखर-बटर फेटण्याची कृती सोडून सगळे ओले साहित्य एकत्र मिसळण्याची कृती निवडावी. तेलाचा केक मऊ राहतो, फ्रीजमध्येही कडक होत नाही, परंतु तो बटर केक नसतो. डब्यातून मिळणारे, पावाला लावायचे मऊ स्प्रेड यांपैकी कशासाठीही घेऊ नये. त्यातील पाण्याचे प्रमाण अनेकदा इतके जास्त असते की केक गच्च होतो आणि कुकी ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटतात.

आणखी एक सूचना भाजण्याविषयी आहे. बटरमधील दुधाची प्रथिने आणि दुग्धशर्करा यांमुळे केकला जो तांबूस रंग येतो, तो या केकला तितका येत नाही. रंगाची वाट पाहत बसणारे ग्राहक केक कोरडा करून टाकतात. त्यामुळे मधोमध सुई घालून ती कोरडी निघते का, हेच पाहावे. रंग हवाच असेल तर दुधाच्या जागी सोयाचे दूध घ्यावे, कारण त्यातील प्रथिनांचे प्रमाण गाईच्या दुधाच्या जवळ जाते आणि बदामाच्या बहुतेक तयार दुधांत ते फारच कमी असते. कृतीत ताक असेल तर एक कप सोयाच्या दुधात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून ते दहा मिनिटे ठेवावे. सोड्याला लागणारा आंबटपणा त्यातून मिळतो.

केक केवळ दूधविरहित नव्हे तर व्हीगन करायचा असल्यास अंडीही वगळावी लागतात. एक-दोन अंड्यांच्या केकमध्ये प्रत्येक अंड्यासाठी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवून घालावी. चार अंड्यांच्या, म्हणजे सारा डोलाराच अंड्यांवर उभा असलेल्या केकवर मात्र हा उपाय करू नये. त्यासाठी मुळातच बिनअंड्याची कृती शोधावी. शिजवलेल्या छोल्यांचे पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे फेटता येते, हे फ्रान्समधील ज्योएल रोसेल यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. परंतु ते आयसिंग आणि मेरिंगसाठी अधिक उपयोगी आहे, बटर केकसाठी नाही.

ऑर्डर देताना किंवा वडी नेताना आम्ही कारण विचारतो, तेव्हा काहींना ती नसती चौकशी वाटते. तसे नाही. बिनअंड्याच्या केकमध्ये दूध असू शकते, दूधविरहित केकमध्ये अंडे असू शकते, आणि ‘लॅक्टोज-फ्री’ दुधात केवळ दुग्धशर्करा फोडलेली असते, दुधाची प्रथिने जशीच्या तशी असतात. लॅक्टोज न पचणाऱ्या व्यक्तीला ते दूध चालेल. दुधाची ॲलर्जी असणाऱ्याला चालणार नाही, कारण ती ॲलर्जी प्रथिनांचीच असते. काही मार्जरिनमध्ये व्हे, म्हणजे दूध फाडल्यावर उरणाऱ्या पाण्यातील दुधाचा अंश असतो, आणि गडद चॉकलेटमध्ये घटकांच्या यादीत नसतानाही यंत्रातून दुधाचा अंश येऊ शकतो. ‘व्हीगन’ हा शब्दसुद्धा ॲलर्जीविषयीची हमी नव्हे.

आमची वडी वेगळ्या खोलीत भरली जाते आणि त्या खोलीत दुधाचा कोणताही पदार्थ येत नाही. तयार केक मात्र ज्या ओट्यावर होतात, तिथे नेहमीचे बटरही वापरले जाते. म्हणून आवडीने किंवा तत्त्वाने व्हीगन खाणाऱ्यांच्या ऑर्डर आम्ही आनंदाने घेतो आणि ॲलर्जी असणाऱ्यांच्या ऑर्डर नाकारतो. अशा कुटुंबांनी वडी न्यावी आणि केक घरीच करावा, हाच आमचा आग्रह राहील. पहिल्या खेपेस लहान वडी घ्यावी, ती एका साध्या केकला पुरते आणि हात बसल्यावर मोठी घेता येते. तरीही केक बसला तर फोन करण्यापूर्वी वडीच्या वेष्टनावरील बॅच क्रमांक, साच्याचे माप आणि वडी किती मिनिटे बाहेर होती, एवढे लिहून ठेवावे.