जुन्या नावाचा माग: ‘सार्वजनिक अभिलेख’ या शब्दाची पार्श्वभूमी

नाव आणि लिंगनोंद बदलणाऱ्याचं जुनं नाव निकालपत्रातून झाकता येतं का, हा वाद अडतो ‘सार्वजनिक अभिलेख’, म्हणजे कुणालाही पाहता येणाऱ्या नोंदी, या शब्दापाशी. आपल्याकडे नाव बदलायला एरवी कोर्टात जावं लागत नाही. प्रतिज्ञापत्र आणि जाहिरात झाली की लोक नाव ‘गॅझेट करून घेतात’, म्हणजे सरकारी राजपत्रात छापून घेतात. जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी छापायचं, हाच या पद्धतीचा गाभा, म्हणजे कर्ज बुडवून कुणी दुसऱ्या नावाने पसार होऊ नये. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्यांची किंवा स्पेलिंग सुधारून घेणाऱ्यांची त्याला हरकत नव्हती. लिंगओळखीची नोंद बदलू पाहणाऱ्याला मात्र नेमकी हीच जोडी नको असते.

कोर्ट येतं ते एखादं परीक्षा मंडळ, विद्यापीठ किंवा पासपोर्ट कार्यालय अडवतं तेव्हा. मग रिट याचिका होते. तिच्या शीर्षकात नाव येतं आणि निकालपत्रात जन्मनावापासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं. ज्याचं काम कार्यालयाने मुकाट करून दिलं त्याचा पूर्वेतिहास फायलीत राहतो, ज्याची अडवणूक झाली त्याचा जाहीर होतो. हा उलटा न्याय कुणी ठरवून केलेला नाही, पण आहे.

सरकारी यादीची धास्ती जुनी आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नावं आणि राहण्याची ठिकाणं नोंदवून ठेवण्याची तरतूद होती. हेतू पाळत ठेवण्याचा होता, ओळख देण्याचा नव्हे.

सगळा गुंता आहे तो १९९४च्या एका निकालात. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचं आत्मचरित्र एका तमिळ साप्ताहिकाला छापायचं होतं, आणि त्यात आपली नावं येतील म्हणून अधिकारी ते अडवू पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मध्ये, म्हणजे जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातच आहे असं सांगितलं आणि लगेच अपवाद जोडला: एकदा बाब सार्वजनिक अभिलेखात गेली, आणि त्यात न्यायालयीन अभिलेखही आले, की तिच्यापुरता हा हक्क उरत नाही. या अपवादालाही एक अपवाद ठेवला, तो लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांतल्या पीडित महिलांचा. नाव बदलणारी व्यक्ती तेव्हा कुणाच्या डोळ्यांपुढे असण्याचं कारणच नव्हतं.

‘सार्वजनिक’ म्हणजे काय, हे त्या काळी कुणाला विचारावं लागत नव्हतं. अभिलेख खुला होता, म्हणजे नक्कल विभागात अर्ज करायचा, शुल्क भरायचं, खेपा घालायच्या आणि मग कागद हाती यायचा. त्यासाठी खटला कुठला, वर्ष कुठलं, हे आधी ठाऊक असावं लागे. नुसतं एखाद्याचं नाव घेऊन कुणी सगळं दप्तर धुंडाळू शकत नव्हतं. कायद्याने उघडा असलेला कागद व्यवहारात झाकलेलाच होता. निकालपत्रं संकेतस्थळांवर आली, शोधयंत्रांनी ती नावानिशी वर आणायला सुरुवात केली, आणि हे आवरण गळून पडलं. शब्द तोच राहिला, त्याचा अर्थ बदलला. तरीही नाव झाकण्याच्या मागणीला विरोध करताना १९९४चं वाक्य जसंच्या तसं उद्धृत होतं, ही त्यातली खरी गोम.

न्यायालयांना दार लावता येत नाही असंही नाही. मुंबईतल्या एका बदनामीच्या दाव्यात साक्षीदाराची साक्ष छापू नये असा तोंडी आदेश झाला होता. १९६६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो वैध ठरवला. खुलं न्यायालय हा नियम, पण न्यायासाठी तो वाकवता येतो, हे तेव्हाच मान्य झालं.

पुढची वर्षं दाटीची. एप्रिल २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य झाला. ऑगस्ट २०१७मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, आणि एका न्यायमूर्तींच्या स्वतंत्र मतात विस्मरणाच्या हक्काचीही, म्हणजे आपली जुनी माहिती लोकांपुढून हटवून घेण्याच्या हक्काचीही चर्चा आली. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २०१९च्या कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर कागदपत्रं बदलण्याची वाट दिली. मात्र त्याच्या शिक्षेच्या कलमात जुनी ओळख फोडणं हा गुन्हा म्हणून घातला नाही. ब्रिटनने २००४च्या कायद्यात पदामुळे कळलेली अशी माहिती उघड करणं गुन्हा ठरवलं होतं, म्हणजे नमुना समोर होता.

उच्च न्यायालयं आपापल्या परीने वागत गेली. काही याचिकांत शीर्षकात नावाऐवजी ‘एक्स’ आला, काहींत पूर्ण नाव राहिलं. केरळ उच्च न्यायालयाने २०२२मध्ये विस्मरणाचा हक्क खुल्या न्यायालयाच्या तत्त्वाशी सरसकट जुळत नाही असं म्हटलं, तरी कौटुंबिक वादांसारख्या प्रकरणांत नावं झाकायला वाट ठेवली. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये सांगितलं, की नियम बदलले जाईपर्यंत सुधारित जन्मदाखल्यावर जुनं आणि नवं, दोन्ही नावं व लिंग नोंदवावं. हक्क मिळाला आणि गॅझेटातली ती जोडी दाखल्यावर येऊन बसली.

मूळ वाद आता वेगळ्याच प्रकरणातून वर गेला आहे. निर्दोष सुटलेल्या एका आरोपीचं नाव निकालपत्रातून झाकावं, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०२४मध्ये दिला. एका कायदेविषयक संकेतस्थळाने त्याला आव्हान दिलं आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. त्या आरोपीचा नावबदलाशी काही संबंध नव्हता, पण निकालपत्रातलं नाव झाकता येतं का, हा दोघांचा प्रश्न एकच आहे.