विज्ञान प्रकल्पाला मोठी प्रयोगशाळा लागतेच का?

‘संस्थेची प्रयोगशाळा मिळाली तरच नववी-दहावीतल्या मुलांचं संशोधन खरं’ हा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो चुकीचा आहे. प्रकल्प बहुधा अडतो तो प्रयोगाच्या मांडणीत, आणि मार्गदर्शकाची खरी गरज तिथेच असते.

खारट पाण्यात मूग कसे रुजतात, हा प्रश्न घ्या. सौम्य द्रावणाला लिटरमागे जेमतेम २.९ ग्रॅम मीठ लागतं, आणि तेवढं स्वयंपाकघरातल्या काट्यावर नेमकं मोजता येत नाही. म्हणून ५८.४ ग्रॅम मीठ विरघळवून द्रावण बरोबर १ लिटर करा: हे १ मोलर, म्हणजे १००० मिलीमोलर (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक). त्यातलं ५० मिली घेऊन पुन्हा १ लिटर केलं की ५० मिलीमोलर, १०० मिली घेतलं की १०० मिलीमोलर. तुलनेसाठी नुसत्या ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याचा गट हवाच. प्रत्येक पातळीला २५ बियांच्या ४ थाळ्या; एकाच थाळीत १०० बिया म्हणजे चार वेळा केलेला प्रयोग नव्हे. मोड २ मिमी झाला की बी रुजलं, हे आधीच ठरवून वहीत लिहा.

सर्वाधिक घोळ बाष्पीभवनाने होतो. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, द्रावण तीव्र होत जातं. थाळ्या झाका, रोज वजन करा आणि घट ऊर्ध्वपातित पाण्यानेच भरा, मिठाच्या पाण्याने नाही.

जिवाणू वाढवणं मात्र घरी नकोच; अमेरिकेतल्या ‘आयसेफ’ या शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेच्या नियमांतही त्याला मनाई आहे. माणसांवरच्या सर्वेक्षणालाही तिथे सुरुवातीआधीच मंजुरी लागते, नंतर घेतलेली सही चालत नाही.