तज्ज्ञांनी तपासलेलं आणि वाचकांवर तपासलेलं

आजारांची माहिती देणाऱ्या धर्मादाय संस्थांच्या पुस्तिकांत मागच्या पानावर बहुधा एक ओळ असते: ‘हा मजकूर तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासला आहे.’ ती वाचून आपण दोन गोष्टी धरून चालतो. एक, मजकूर बरोबर आहे. दोन, तो आपल्याला कळेल. ओळीत हमी असते ती पहिलीची. दुसरीसाठी निराळं काम करावं लागतं, निराळी माणसं लागतात, आणि पैसे कमी पडले की आधी कात्री लागते ती त्यालाच.

पहिल्या कामाला तज्ज्ञ-पडताळणी म्हणू, दुसऱ्याला वाचक-चाचणी.

तज्ज्ञ-पडताळणीत मजकूर लिहिणारा सहसा डॉक्टर नसतो, माहिती-संपादक असतो. तो मार्गदर्शक तत्त्वं आणि अभ्यासांचे एकत्रित आढावे वाचून मसुदा तयार करतो. मग त्या आजाराचे डॉक्टर आणि परिचारिका तो तपासतात: मात्रा बरोबर आहे का, दुष्परिणाम सुटला आहे का, मधल्या काळात उपचार बदलले आहेत का. या पडताळणीला मुदत असते. ब्रिटनमधल्या संस्था साधारण तीन वर्षांच्या आत मजकूर पुन्हा तपासतात आणि पुढच्या तपासणीची तारीखही छापतात. नुसती ‘अद्ययावत केल्याची’ तारीख असेल तर तिच्यावर फार विसंबू नये. फोन नंबर बदलला तरी ती बदलते.

वाचक-चाचणीत ‘आवडलं का?’ हा प्रश्न कामाचा नाही. माणसं भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतात. विचारायचं ते असं: ‘तुम्ही ही गोळी घेताय आणि अंगावर पुरळ उठलं. यात बघून सांगा, आता काय कराल?’ युरोपात औषधांच्या खोक्यातल्या माहितीपत्रकासाठी २००५ च्या सुमारास हे बंधनकारक झालं. प्रचलित पद्धतीत दहा-दहा जणांच्या दोन फेऱ्या होतात, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वीसपैकी किमान सोळा जणांना पत्रकात सापडून नीट सांगता यावं लागतं. शंभर जणांच्या पसंतीपेक्षा अशा वीस जणांची अडखळ संपादकाला जास्त शिकवते, असं मला वाटतं. इंग्लंडमधल्या २०१५ च्या एका अभ्यासानुसार तिथल्या १६ ते ६५ वयोगटातल्या ४३ टक्के लोकांना छापील आरोग्य-माहिती नीट वापरता येत नाही. मजकुरात आकडे आले की हे प्रमाण ६१ टक्क्यांवर जातं. शाळा सर्वांना सक्तीची असलेल्या देशातली ही स्थिती आहे.

एक काम झालं आणि दुसरं राहिलं तर काय होतं, याची दोन उदाहरणं ब्रिटनमध्येच सापडतात.

ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथल्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. विधान खरं होतं, कोणत्याही तज्ज्ञाने त्यावर सही केली असती. पण ‘दुप्पट’ म्हणजे सुमारे ७,००० स्त्रियांमागे एकीच्या जागी दोघी, हे वाचणाऱ्यांपर्यंत पोचलं नाही. अनेकींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० जास्त गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, ही त्यातली क्रूर गोम. इशारा आधी दहा बायकांना वाचायला देऊन ‘आता तुम्ही काय कराल?’ एवढं विचारलं असतं, तरी पुढचं चित्र दिसलं असतं.

उलट उदाहरण तान्ह्या बाळांचं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पाश्चात्त्य देशांत बाळाला पालथं झोपवा असा सल्ला रूढ झाला. कारणही पटणारं: उलटी झाली तर घशात अडकणार नाही. इतका सोपा सल्ला कुणालाही कळला आणि आयांनी तो पाळला. फक्त तो चुकीचा होता. पालथं झोपवल्याने पाळण्यातल्या अचानक मृत्यूचा धोका वाढतो याचा पुरेसा पुरावा १९७० पर्यंत जमा झाला होता. तो कुणी एकत्र करून पाहिला नव्हता. बाळाला उताणं झोपवण्याची मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ च्या अखेरीस सुरू झाली. अशा मृत्यूंवर काम करणारी, आज ललाबाय ट्रस्ट या नावाने ओळखली जाणारी संस्था तिच्यात होती. काही वर्षांतच मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

म्हणून ब्रिटनमध्ये पेशंट इन्फर्मेशन फोरम (पीआयएफ) ही संस्था भरवशाच्या आरोग्य-माहितीला २०२० पासून देत असलेली ‘पीआयएफ टिक’ ही खूण दोन्ही बाजू बघते. पुरावा कुठून घेतला हेही, आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना सामील केलं का हेही.

खरी खेचाखेच दोन्हींच्या सांध्यावर होते. डॉक्टर प्रत्येक वाक्याला ‘काही रुग्णांत’, ‘बहुतांश वेळा’ जोडत जातात. वाचकाला हो की नाही ते हवं असतं. संपादक वाक्य सोपं करतो आणि त्या भरात ‘क्वचित’ गळून पडतं. त्यामुळे वाचक-चाचणीनंतर बदललेला मजकूर पुन्हा तज्ज्ञाकडे जायलाच हवा. तिथे माझं मत पक्कं आहे: तथ्यावर शेवटचा शब्द डॉक्टरांचा असावा, वाक्यावर नसावा. ब्रिटनमध्ये १९८५ साली ‘बॅकअप’ ही कर्करोग-माहितीची संस्था काढणाऱ्या डॉ. व्हिकी क्लेमंट-जोन्स डॉक्टर होत्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णही. दोन्ही बाजू एकाच माणसात असण्याचा हा योग संस्थांना रोज मिळत नाही.

त्या संस्थेच्या पुस्तिका मुंबईच्या ‘जासकॅप’ या कर्करोग-रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेने मराठीसह भारतीय भाषांत आणल्या. मूळ संस्था पुढे, २००८ मध्ये, मॅकमिलन कॅन्सर सपोर्टमध्ये विलीन झाली. भाषांतरात एक गोष्ट कुणाच्याही बाबतीत घडू शकते: तज्ज्ञ-पडताळणी बरीचशी तशीच पलीकडे येते, वाचक-चाचणी येत नाही. केमोथेरपी चालू असताना ताप ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर लगेच रुग्णालयाला कळवा, हा ब्रिटिश सल्ला वैद्यकीयदृष्ट्या चोख आहे. पण आपल्याकडच्या घरातला थर्मामीटर बहुधा फॅरेनहाइटचा. त्यावर ९९.५ दिसलं तर ‘अंग थोडं कोमट आहे’ म्हणून घरचे पॅरासिटामॉल देऊन मोकळे होतील. शिवाय कळवायचं कुणाला? तिथे चोवीस तासांचा नंबर हातात दिलेला असतो. इथे रुग्ण बीडचा आणि उपचार मुंबईत परळला. या अडचणी कर्करोगतज्ज्ञाच्या नजरेला पडतीलच असं नाही, कारण त्याला ३७.५ बरोबरच दिसतं.

हे तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. त्यातल्या दहा जणांची तयारी असेल तर त्यांच्या हाती पान द्यावं, जोडीला घरचा थर्मामीटर द्यावा, आणि रात्री अकरा वाजता अंग तापलं तर काय कराल ते विचारावं.