कोनसची ओळख आणि ‘प्रजाती’ शब्दाचा गुंता : पार्श्वभूमी

मराठवाड्यात समुद्री शंख येतो तो किनाऱ्यापासून तुटूनच. तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यातील कवडी असो, रामेश्वरच्या यात्रेहून आणलेला शंख असो किंवा महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातील कपाटातला नमुना असो, त्याच्याबरोबर ना प्राणी येतो, ना तो कोठे आणि किती खोलीवर सापडला याची नोंद. कवडी ओळखणे त्यातल्या त्यात सोपे, कारण तिच्या मुखाच्या दोन्ही कडा दातेरी असतात आणि वाढ पूर्ण झाल्यावर तिचे शिखर झाकले जाते. कोनस म्हणजे विषारी समुद्री गोगलगायीचा शंकूच्या आकाराचा शंख; त्याचा ओठ (मुखाची बाहेरची कडा) साधा, मुख अरुंद आणि लांब, शिखर उघडे असते. मात्र ‘हा कोनस आहे’ येथून ‘हा अमुक जातीचा कोनस आहे’ येथपर्यंतची वाट बरीच लांब आहे, आणि केवळ शंखावरून ती चालता येते का, हा या विषयाच्या इतिहासातील जुना वाद आहे.

या इतिहासाचा आरंभही प्राण्याविना, युरोपातील संग्राहकांच्या खणांतून झाला. 1650 साली एका डच चित्रकाराने संगमरवरी कोनसचे कोरीवचित्र काढले; ठसा उमटताना प्रतिमा उलटली आणि उजवीकडे वळणारा शंख कागदावर डावखुरा झाला. 1758 मध्ये ‘कोनस’ हे नाव द्विनाम पद्धतीत, म्हणजे दोन शब्दांत शास्त्रीय नाव देण्याच्या पद्धतीत, आले आणि हाच संगमरवरी शंख, कोनस मार्मोरियस, पुढे या प्रजातीची (जीनसची) आदर्श जाती, म्हणजे प्रजातीचे नाव जिच्याशी बांधलेले असते ती जाती, ठरला. 1792 मध्ये एका मोठ्या खासगी संग्रहावरून अनेक नव्या जातींची वर्णने छापली गेली. त्यांतील कोनस बँडॅनस हा कधी स्वतंत्र जाती, तर कधी मार्मोरियसचाच एक प्रकार मानला गेला.

त्या काळी भर होता रंगावर आणि नक्षीवर. एकाच जातीत नक्षी किती बदलते हे लक्षात न आल्याने एकाच प्राण्याला अनेक नावे मिळत गेली. शिवाय जिवंतपणी ही नक्षी शंखावरील पातळ बाह्यावरणाखाली पुष्कळदा झाकलेली असते, आणि बाजारात येणारा शंख घासून चकचकीत केलेला असतो. म्हणून जाणकार आधी आकार पाहतात : खांदा गोल आहे की कोनदार, त्यावर गाठी आहेत का, शिखर किती उंच, त्याच्या वेटोळ्यांवर बारीक खाचा आहेत का, मुख तळाकडे रुंदावते का. 1995 मध्ये इंडो-पॅसिफिक समुद्रातील जातींवर जो मोठा ग्रंथ आला, त्यात शंखाच्या रुंदीचे मुखाच्या उंचीशी आणि शिखराच्या उंचीचे एकूण लांबीशी असलेले गुणोत्तर पद्धतशीरपणे दिले गेले. नजरेच्या अंदाजाला मोजमापाची जोड मिळाली, हे त्या ग्रंथाचे मोठे ऋण आहे.

खरा गुंता झाला तो 2009 नंतर. येथे परिभाषा स्पष्ट करणे भाग आहे. आपल्या शालेय पुस्तकांच्या उतरंडीत कुल, मग प्रजाती, मग जाती असा क्रम आहे. म्हणजे कोनस ही प्रजाती आणि कोनस टेक्स्टाइल ही जाती. वृत्तपत्रांत मात्र जातीलाच सर्रास ‘प्रजाती’ म्हटले जाते; सामाजिक अर्थाने जड झालेला ‘जात’ हा शब्द टाळण्याची इच्छा त्यामागे असावी. एरवी याने फारसे बिघडत नाही. पण 2009 साली आज जिवंत असलेल्या कोनसची विभागणी तीन कुलांत आणि 82 प्रजातींत करणारी मांडणी पुढे आली, तेव्हा ‘कोनसच्या 82 प्रजाती’ असे वाचणाऱ्याला जगात 82 प्रकारचेच कोनस आहेत असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात जातींची संख्या शेकड्यांत आहे.

या मांडणीचा पाया शंखाचा आकार, दंतपट्टिकेतील (गोगलगायीच्या तोंडातील दातेरी पट्टीतील) दात आणि शरीररचना हा होता. तिच्यानुसार कोनस जिओग्राफस ‘गॅस्ट्रिडियम’ झाला, कोनस टेक्स्टाइल ‘सिलिंडर’ झाला, आणि ज्याच्या विषावरून बेतलेल्या वेदनाशामक औषधाला 2004 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तो कोनस मॅगस ‘पायोनोकोनस’ झाला. तीनशेहून अधिक जातींच्या जनुकीय तुलनेनंतर 2015 मध्ये दुसरी मांडणी आली. तिने एकच कुल आणि चार प्रजाती मानल्या, बहुसंख्य जाती कोनसमध्येच ठेवल्या आणि त्या प्रजातीत 57 उपप्रजाती (प्रजाती आणि जाती यांच्या मधली पायरी) केल्या. गॅस्ट्रिडियम, सिलिंडर ही नावे पुसली गेली नाहीत. ती कंसातील उपप्रजाती म्हणून राहिली. विभागणी हवी असणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती, कारण शंखातील जे भेद त्यांनी दाखवले ते खरेच आहेत. तरीही हातात फक्त सुका शंख आणि जुनी चिठ्ठी असणाऱ्यासाठी 2015 चा निर्णय अधिक शहाणपणाचा ठरतो. चिठ्ठीवरचे नाव त्याने खोटे पडू दिले नाही, आणि अपुऱ्या खुणांवरून शंखाला एखाद्या छोट्या प्रजातीत कोंबण्याची सक्तीही त्याने केली नाही.

याचा संबंध कायद्याशीही येतो. 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत उंच, पायऱ्यांसारख्या शिखराचा कोनस मिल्नेएडवर्डसी समाविष्ट झाला. 2009 च्या मांडणीत हाच शंख ‘लेप्टोकोनस’ होता. ती सर्वमान्य झाली असती, तर अनुसूचीतील नाव आणि संग्रहाच्या नोंदवहीतील नाव यांचा मेळ प्रत्येक वेळी समानार्थी नावांची यादी उघडून घालावा लागला असता, आणि यात्रेच्या बाजारात विकायला ठेवलेला शंख संरक्षित आहे की नाही, हे तपासणे आणखी अवघड झाले असते.