अणकुचीदार अग्राची किंमत

ध्वनीच्या पाचपटीहून अधिक वेगाने जाणाऱ्या यानाच्या पुढच्या हवेला बाजूला सरकण्याची सवडच मिळत नाही. ती यानासमोर आघाततरंगात, म्हणजे एकाएकी दाबल्या गेलेल्या हवेच्या पातळ पडद्यात, दाबली जाते आणि तापते. यानाच्या अग्रापाशी निर्माण होणारी बहुतांश उष्णता या दाबण्यातून येते, सर्वसामान्य समजुतीप्रमाणे घर्षणातून नव्हे.

१९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एम्स प्रयोगशाळेत एच. ज्युलियन ॲलन यांनी दाखवून दिले, की वातावरणात परतणाऱ्या यानाचे तोंड बोथट असेल, तर आघाततरंग त्यापासून दूर राहतो आणि बरीचशी उष्णता भोवतालच्या हवेबरोबरच निघून जाते. अग्राची वक्रता-त्रिज्या, म्हणजे त्याच्या गोलाईची त्रिज्या, चौपट केली, की तेथील उष्णतेचा मारा साधारण निम्म्यावर येतो. अपोलोच्या कुपीचा तळ पसरट होता तो याच कारणाने. परंतु बोथट आकाराला हवेचा रोध प्रचंड होतो. परतणाऱ्या कुपीला तो हवाच असतो. हवेतून दीर्घकाळ वेगाने उडायचे असलेल्या विमानाला मात्र तो परवडत नाही, त्याला पंखांच्या कडा धारदारच लागतात. त्यामुळे वायुगतिकीची मागणी पदार्थविज्ञानाच्या गळ्याशी येते, आणि माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत रंजक संशोधन नेमके येथेच चालले आहे.

आकाराची छोटीशी भर किती महागात पडू शकते, हे ३ ऑक्टोबर १९६७ रोजी एक्स-१५ या अमेरिकेच्या प्रायोगिक रॉकेट-विमानाने दाखवले. ध्वनीच्या ६.७ पट वेगाच्या त्या उड्डाणात पोटाखाली बसवलेल्या नकली इंजिनाचा आघाततरंग त्याला धरणाऱ्या खांबावर आदळला आणि निकेलच्या उष्णतारोधी मिश्रधातूला भोके पडली.

धारदार कडांसाठी आज झिर्कोनियम डायबोराइड आणि हाफ्नियम डायबोराइड या सिरॅमिकांवर भर आहे. त्यांचा वितळणबिंदू ३००० अंश सेल्सिअसच्या वर आहे, पण खरा प्रश्न वितळण्याचा नसून हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन झिजण्याचा आहे. या सिरॅमिकांत सिलिकॉन कार्बाइड मिसळल्यास तापलेल्या पृष्ठभागावर सिलिकाचा काचेसारखा थर धरतो आणि आतल्या पदार्थाचे रक्षण करतो. मात्र हवा फार विरळ आणि तापमान फार जास्त असेल, तर काच धरण्याऐवजी सिलिकॉन मोनॉक्साइडचा वायू उडून जातो, म्हणजे नेमक्या उंचावरच्या परिस्थितीत संरक्षण डळमळते. या डायबोराइडांची उष्णतावाहकता चांगली असल्याने ती टोकावरची उष्णता मागे पसरवतात, ही जमेची बाजू. ठिसूळपणा ही उणी बाजू, आणि त्यासाठी कार्बनचे तंतू गुंफून पाहिले जात आहेत.

असे नमुने प्लाझ्मा बोगद्यांत तपासले जातात, जेथे विद्युतप्रज्योतीने तापवलेल्या हवेतील ऑक्सिजनचे रेणू फुटून अणू होतात. हे अणू नमुन्याच्या पृष्ठभागावर पुन्हा जुळताना आणखी उष्णता सोडतात. म्हणून एकाच आकाराच्या दोन कडा, एकाच प्रवाहात, केवळ पृष्ठभाग वेगळा असल्यामुळे वेगवेगळ्या तापू शकतात.