टिनाखालचा मे महिना

नागपूरचं तापमान सोनेगावच्या वेधशाळेत मोजलं जातं. तिथला तापमापक हवेशीर पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला, तो या सावलीतला आकडा. टिनाच्या छपराखाली ज्या बाईला दिवसभर शिवणकाम करायचं असतं, तिच्या खोलीचा आकडा कोणत्याही बातमीत येत नाही. हवामानबदलावर काम करणाऱ्या आपल्या संस्थांनी आधी त्या खोलीत शिरायला हवं, तिचं छप्पर पांढरं करायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मे महिन्यात भर दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट ऊर्जा पडते. सिमेंटची साधी, काळवंडलेली गच्ची त्यातली सत्तर टक्क्यांच्या आसपास शोषून घेते. तिच्यावर चुन्याचे दोन हात दिले तर शोषण पाव हिश्श्यावर येतं. बाकीचा प्रकाश आल्या वाटेने परत जातो. याखेरीज तापलेला पृष्ठभाग स्वतः अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणं सोडून थंड होत असतो आणि चुन्याचा थर हेही काम चांगलं करतो. या किरणांतल्या ८ ते १३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लहरींना वातावरण फारसं अडवत नाही, त्या थेट अवकाशात जातात. हवा जितकी कोरडी आणि आकाश जितकं निरभ्र, तितकी ही वाट मोकळी. विदर्भाचा कोरडा उन्हाळा इथे आपल्या बाजूने आहे.

चकचकीत टिनाबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. नवा टिन प्रकाश बराच परतवतो हे खरं, पण उघडा धातू अवरक्त किरणं फार कमी सोडतो. म्हणून शोषलेली थोडी उष्णताही त्यातून लवकर निघत नाही. त्यात दोन-तीन वर्षांत गंज आणि धूळ चढली की चकाकीही जाते. मग पातळ पत्रा दुपारी हात लावू देत नाही आणि खालच्या माणसांच्या डोक्यावर उष्णता ओतत राहतो. स्लॅबचं दुखणं वेगळं. तो उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, म्हणजे दिवसभर साठवलेली उष्णता नेमकी झोपायच्या वेळी खोलीत सोडतो. रात्री शरीराला विसावा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त बाधतं. हवामान खात्यानेही ‘उष्ण रात्र’ वेगळी नोंदवायला सुरुवात केली आहे, ती याच कारणाने.

नागपूरकर म्हणेल, कूलर आहे ना! आहे, आणि तो कोरड्या हवेत फार उत्तम यंत्र आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता हवेतून ओढली जाते. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा जास्तीत जास्त २४ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात ती त्याहून चार-पाच अंश वरच राहते, पण जीव निवतो. जूनमध्ये मात्र ३८ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता झाली की ही मर्यादाच ३० अंशांवर येते आणि कूलर नुसता दमटपणा वाढवतो. शिवाय त्याला पाणी लागतं. ज्या वस्तीत टँकरची वाट बघावी लागते, तिथे कूलरमध्ये ओतायला पाणी कुठून आणायचं? एसी आतली उष्णता गल्लीत टाकतो आणि त्याची वीज कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत कोळसा जाळून येते. चुना लावलेल्या गच्चीला वीजही लागत नाही, पाणीही नाही.

महिला हाउसिंग ट्रस्ट ही अहमदाबादची संस्था वस्त्यांमधल्या बायकांना हाताशी धरून छपरं पांढरी करत आली आहे. आपल्याकडे अशा कामासाठी माणसं नाहीत असं नाही. ग्रीन व्हिजिल या नागपूरच्या पर्यावरण संस्थेच्या कार्यकर्त्यांनी महापालिकेसोबत पौर्णिमेच्या रात्री तासभर अनावश्यक दिवे बंद ठेवण्याचा उपक्रम चौकाचौकात उभं राहून, दुकानदारांशी बोलून चालवला. दारोदार जाऊन समजावण्याची ही सवय छपरांसाठी सोन्यासारखी आहे. वृक्षारोपण हवंच, पण आज लावलेल्या रोपट्याची सावली घरावर यायला आठ-दहा वर्षं लागतात. छपराचा फरक त्याच दुपारी कळतो.

काम करताना एक पथ्य पाळावं लागतं. सिमेंटला चुना धरतो, टिनावर तो टिकत नाही. पोपडे निघतात आणि वर्षभरात लोकांचा विश्वासही उडतो. टिनाचा गंज घासून आधी प्रायमर आणि मग उष्णता परतवणारा पांढरा रंग द्यावा लागतो. हा खर्च चुन्यापेक्षा बराच जास्त, म्हणून संस्थेचा पैसा आधी टिनाच्या घरांकडे जावा. स्लॅबवाल्यांना चुना स्वतःचा स्वतः परवडतो. धुळीने पांढरेपणा उतरतो, तेव्हा उन्हाळ्यात एक-दोनदा छप्पर झाडून घ्यायचं. पावसात चुना धुपतो, तो दरवर्षी होळीच्या आसपास, नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या बराच आधी पुन्हा लावायचा. आणि प्रत्येक वस्तीत एक रंगवलेलं, एक न रंगवलेलं अशा शेजारच्या दोन घरांत साधे तापमापक टांगून दुपारी दोनला आणि रात्री अकराला नोंद ठेवायची. ती वही घरच्या बाईच्याच हातात असावी, कारण त्या छपराखाली सगळ्यात जास्त वेळ तीच असते.