जलसंवर्धनातील (हायड्रोपोनिक्समधील) अन्नद्रव्य-विकारांचे निदान

मातीविना, अन्नद्रव्ये विरघळवलेल्या पाण्यावर बंदिस्त जागेत वाढवलेल्या पिकांत पाने पिवळी पडणे, कडा करपणे, शेंडा मरणे अशी लक्षणे दिसली की त्यांचे पोषणाशी निगडित कारण शोधून काढण्याची पद्धत. माती अन्नद्रव्यांचा साठा धरून ठेवते आणि सामूतले (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेच्या मापातले) चढउतार पोटात घेते. टाकीतले द्रावण यातले काहीच करत नाही. त्यामुळे चूक थोड्याच दिवसांत पानावर उमटते, पण दुरुस्तीचा परिणामही लवकर दिसतो. निदानाचा गाभा एका भेदात आहे : द्रावणात अन्नद्रव्य कमी असणे वेगळे आणि ते असूनही झाडाला न मिळणे वेगळे. तयार जलविद्राव्य खत योग्य मात्रेत वापरणाऱ्यांकडे दुसरा प्रकारच बहुतेक वेळा आढळतो.

लक्षणांचे प्रचलित तक्ते वापरताना त्यांची घडण लक्षात घ्यावी लागते. झाक्स आणि क्नोप या जर्मन संशोधकांनी 1860 च्या दशकात क्षारांच्या द्रावणात झाडे वाढवून दाखवली. पुढे आर्नन आणि स्टाउट यांनी 1939 मध्ये एखादे मूलद्रव्य आवश्यक कधी मानावे याचे निकष मांडले. या परंपरेतला प्रयोग असा, की द्रावणातून एकच मूलद्रव्य वगळायचे आणि झाडाचे काय होते ते पाहायचे. तक्त्यांतली ठळक चित्रे अशा शुद्ध, एकेरी कमतरतेची असतात. प्रत्यक्ष टाकीत नत्र (नायट्रोजन) किंवा लोह कोणी वगळत नाही. तिथे सामू चढतो, मुळे गुदमरतात, एक क्षार दुसऱ्याला आडवा येतो आणि दोन-तीन लक्षणे एकाच पानावर मिसळतात. म्हणून पान पाहून थेट खत ओतणे ही या क्षेत्रातली सर्वांत महाग सवय आहे.

आधी मोजमाप

सुरुवात मापकांपासून. सामूमापक 7.00 आणि 4.01 च्या प्रमाणित द्रावणांत, तर विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देणाऱ्या विद्युत वाहकतेचा म्हणजे ईसीचा मापक 1.413 मिलीसिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या द्रावणात जुळवून घ्यावा. सामूमापकाची कांडी कोरडी किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवली तर ती बिघडते. तिला पोटॅशियम क्लोराइडचे साठवण-द्रावण लागते. पीपीएम (दशलक्षात किती भाग) दाखवणाऱ्या मापकांत आणखी एक खाच आहे. ते मोजतात ईसीच आणि तिला 500 किंवा 700 ने गुणतात, त्यामुळे ईसी 2.0 असलेले एकच द्रावण एका यंत्रावर 1000 आणि दुसऱ्यावर 1400 दिसते. नोंदी ईसीतच ठेवलेल्या बऱ्या.

बहुतेक पिकांना द्रावणाचा सामू 5.5 ते 6.5 च्या दरम्यान मानवतो. वर सरकला की लोह आधी हातचे जाते, पाठोपाठ मँगनीज आणि जस्त. ईडीटीए या चिलेटमध्ये, म्हणजे लोहाला विरघळलेले ठेवणाऱ्या संयुगात, बांधलेले लोह साधारण 6.5 च्या पुढे टिकत नाही, डीटीपीएतले 7 च्या पुढेही काही अंतर तग धरते, ईडीडीएचएतले त्याहून बरेच वर. सामू कोणत्या दिशेने सरकतो हेही बोलके असते. मुळे नायट्रेट घेतात तेव्हा तो चढतो, अमोनियम घेतात तेव्हा उतरतो. निरोगी, जोमदार पिकात रोज थोडा चढणे स्वाभाविक आहे. तो एकाएकी कोसळू लागला तर अमोनियमचे प्रमाण किंवा मुळांची कूज तपासावी. मूळच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर आम्ल घालूनही सामू पुन्हापुन्हा वर येतो; तिथे खताचा दोष नसतो.

ईसी पिकाप्रमाणे बदलते. सॅलडच्या लेट्यूसला 1.2 ते 1.8 पुरते, फळावर आलेल्या टोमॅटोला 2 ते 3.5 चालते. टाकीतली पातळी घटताना ईसी चढत असेल तर झाड क्षारांपेक्षा पाणी जास्त पिते आहे, म्हणजे द्रावण सौम्य करावे. उतरत असेल तर उलट. पण ईसी स्थिर आहे म्हणजे सर्व आलबेल, असे नाही. मुळे नायट्रेट, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मँगनीज झपाट्याने उचलतात, कॅल्शियम व बोरॉन सावकाश. फिरत्या द्रावणात मग पहिली संपत येतात आणि कॅल्शियम, सल्फेट, सोडियम साचून आकडा तोच राखतात. याची दुसरी बाजू अशी, की प्रयोगशाळेच्या अहवालात स्फुरद नगण्य दिसला म्हणून झाड उपाशी आहे असे ठरत नाही. तो टाकीतून निघून झाडात गेलेला असू शकतो. त्यासाठी पानांचे पृथक्करण करावे लागते.

यानंतर झाड उचलून मुळे पाहावीत. पांढरी, ताठ, बारीक मुळांनी भरलेली जाळी असेल तर पुढे जावे. मुळे तपकिरी, बुळबुळीत असतील आणि चिमटीत ओढल्यावर बाहेरचे साल निघून आत दोऱ्यासारखा गाभा उरत असेल, तर ती बहुधा पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूची कूज आहे. अशा झाडाच्या पानावर कोणतीही कमतरता दिसू शकते. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी : 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसातच्या आसपास, आणि मुळांची गरज मात्र तापमानाबरोबर वाढते. द्रावण 18 ते 22 अंशांत राखणे हा निम्म्या तक्रारींवरचा उपाय म्हणायला हरकत नाही.

पानाचे वाचन

पहिला प्रश्न एकच : लक्षण खालच्या जुन्या पानांवर सुरू झाले की वरच्या कोवळ्या? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडात फिरती आहेत. तुटवडा झाला की झाड ती जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते. कॅल्शियम, बोरॉन आणि लोह एकदा बसले की जवळजवळ हलत नाहीत, म्हणून त्यांची टंचाई कोवळ्या भागात दिसते. गंधक, जस्त, तांबे आणि मँगनीज या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहेत.

नत्र कमी पडले की जुने पान शिरांसकट एकसारखे फिके होते. गंधकाचा फिकेपणाही असाच सरसकट, पण नव्या पानांवर. स्फुरदाच्या कमतरतेत पान गडद व खुजे राहते, कधी जांभळी झाक येते. मात्र थंड द्रावणानेही आणि काही वाणांत जन्मतःही जांभळेपणा असतो, म्हणून एवढ्यावर निर्णय देऊ नये. पालाश कमी असेल तर जुन्या पानाची कड आधी पिवळी होते व मग करपते. मॅग्नेशियममध्ये जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो.

हाच शिरांमधला पिवळेपणा शेंड्याच्या पानांवर आला तर तो लोहाचा केवडा. त्यात अगदी बारीक शिराही सुरुवातीला हिरव्या रेखीव दिसतात आणि पुढे पान पांढरट होते. मँगनीजमध्ये शिरांभोवतीची हिरवी पट्टी रुंद व धूसर असते, लवकरच मृत ठिपके येतात. दोन्ही बहुतेक वेळा सामू चढल्यानेच होतात, त्यामुळे फरक न ओळखता आल्याने फारसे बिघडत नाही. सामू उतरवणे हा दोघांचाही पहिला उपचार. जस्ताच्या कमतरतेत पेरे आखूड होऊन लहान पानांचा झुबका होतो. मॉलिब्डेनम नायट्रेट पचवणाऱ्या विकराचा (एंझाइमचा) घटक असल्याने त्याची कमतरता नत्रासारखी भासते, आणि सामू फार खाली गेला असेल तर तिचा विचार करावा.

कॅल्शियमबाबत सर्वाधिक चुका होतात. लेट्यूसच्या आतल्या पानांची टोके करपणे आणि टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडून कुजणे ही त्याची नेहमीची रूपे. कॅल्शियम मुळाकडून वर चढणाऱ्या पाण्याच्या ओघाबरोबरच प्रवास करते. जो भाग बाष्प सोडत नाही त्याला ते मिळत नाही, मग टाकीत कितीही असो. गड्ड्याच्या आतल्या कोंदट पानांना आणि फळांना म्हणून झळ पोहोचते, बाहेरच्या मोठ्या पानांना नाही. उपाय हवेतला आहे : आर्द्रता उतरवणे, गड्ड्यावर वरून खाली वारा देणारा पंखा लावणे, वाढीचा वेग आटोक्यात ठेवण्यासाठी प्रकाश किंचित कमी करणे, ईसी उतरवणे. अमोनियम व पालाश अति झाले तरी ते कॅल्शियमला मुळाशीच अडवतात. एकूण नत्रात अमोनियमचा वाटा साधारण 10 टक्क्यांच्या आत राखणे इष्ट. बोरॉनच्या कमतरतेतही शेंडा मरतो, पण पाने जाड व ठिसूळ होतात आणि देठाला भेगा पडतात.

फसवी लक्षणे

जांभळ्या एलईडीच्या उजेडात पिवळे आणि हिरवे वेगळे करता येत नाही. पान पांढऱ्या उजेडातच पाहावे. दिव्याच्या सर्वांत जवळची पानेच फिकी असतील आणि सावलीतली हिरवीगार, तर तो प्रकाशाचा अतिरेक. लाल कोळी बारीक टिपक्यांची पांढुरकी रांगोळी काढतात, फुलकिडे चंदेरी ओरखडे. पानाच्या मागे भिंग लावल्यावर वाद मिटतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या पिवळ्या कोळ्यांमुळे शेंड्याची पाने आक्रसतात आणि ते हुबेहूब बोरॉनसारखे दिसते. पितळी किंवा तांब्याचे जोड आणि जस्तलेपित नळ टाकीत असतील तर सुटलेले धातू लोहाला हटवतात; तिथे लोह वाढवण्यापेक्षा नळ बदलावा.

दुरुस्ती

कारण ठरल्यावर एका वेळी एकच बदल करावा. संशय अनेकांवर असेल तर टाकी रिकामी करून ताजे द्रावण भरणे सर्वांत स्वस्त पडते. नेमकी भर घालायची असेल तर हिशोब सोपा आहे. 100 लिटरमध्ये 10 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे एप्सम मीठ घातल्यास लिटरमागे सुमारे 10 मिलिग्रॅम मॅग्नेशियम वाढते. खताच्या प्रतीचे कॅल्शियम नायट्रेट तेवढेच घातले तर 19 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साडेपंधरा मिलिग्रॅम नत्र मिळते, म्हणजे नत्राचा हिशोबही पुन्हा मांडावा लागतो. 11 टक्के लोह असलेले डीटीपीए चिलेट 1 ग्रॅम टाकले की लोह 1.1 मिलिग्रॅमने वाढते. चिलेटला उजेड सोसत नाही, तेव्हा टाकी अपारदर्शक हवी. अतिनील दिव्याने द्रावण निर्जंतुक करणाऱ्यांकडे लोह का टिकत नाही याचे उत्तरही हेच. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेटचे क्षार संहत (दाट) रूपात एकत्र करू नयेत, तळाशी न विरघळणारा गाळ बसतो व लेबलावरचे अन्नद्रव्य झाडापर्यंत जातच नाही. अ आणि ब असे दोन डबे त्यासाठीच असतात.

करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. सुधारणा शोधायची ती बदलानंतर उमललेल्या पानांत, आठवड्याभराच्या अवधीने. नवे पान निरोगी निघाले तर जुनी डागाळलेली पाने तशीच असली तरी खत आणखी वाढवू नये.